पेशखाना

एखाद्या वादकवृंदाने आपली नवी गीतमालिका ध्वनिमुद्रणगृहाच्या मढवलेल्या भिंतींआड महिनोन्महिने घासूनपुसून सिद्ध केली, एकेका स्वराचे वजन आणि एकेका आघाताचे स्थान निश्चित करून ती जगाच्या हवाली केली, तरी ज्या दिवशी तो वृंद तीच गीते घेऊन दौऱ्यावर निघतो त्या दिवसापासून ती गीते पुन्हा अपुरी होतात. कारण ध्वनी हा जितका कंठाचा आणि वाद्याचा असतो तितकाच तो ज्या जागेत उमटतो त्या जागेचाही असतो, आणि दौऱ्यात जागा रोज नवी असते. छत्रपती संभाजीनगरात मी ध्वनिक्षेपणाचा व्यवसाय करतो. कीर्तने, व्याख्याने, नाटके, नागसेनवनातील भीमगीतांचे जलसे आणि सोनेरी महालाच्या प्रांगणातील वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या मैफली अशा नाना प्रसंगी माइक आणि स्पीकर यांच्या सान्निध्यात माझे आयुष्य गेले आहे. लोक आम्हाला ‘साउंडवाले’ म्हणतात, आणि त्या नावाचा मला अभिमान वाटतो.

‘कोल्डप्ले’ हा चौघा ब्रिटिश वादकांचा वृंद 2025 च्या जानेवारीत 18, 19 आणि 21 या तारखांना नव्या मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर गायला, तेव्हा मी मुद्दाम तेथे गेलो होतो. ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ ही त्यांची गीतमालिका 2021 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली आणि तिच्याच नावाने निघालेला हा दौरा मार्च 2022 मध्ये कोस्टा रिका देशातील सान होसे या शहरी सुरू झाला. तो इतका लांबला की वाटेतच, 2024 च्या ऑक्टोबरात, ‘मून म्युझिक’ ही दुसरी गीतमालिका जन्मास आली आणि तिची गीतेही चालत्या दौऱ्यात येऊन मिळाली. माझ्या मते ही साधी घटना नव्हे. जी गीते तीन वर्षे मैदानोमैदानी तावूनसुलाखून निघाली होती त्यांच्या शेजारी नुकती ध्वनिमुद्रणगृहातून आलेली गीते उभी राहिली, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला त्या दोहोंतला भेद कळत होता. जुन्या गीतांत कोठे थांबायचे, कोणती ओळ श्रोत्यांच्या हवाली करायची, कोणत्या आघातानंतर पटांगणाला श्वास घेऊ द्यायचा, हे सारे ठरून गेले होते. नव्या गीतांना आपापली मैदाने अद्याप भेटायची होती.

परंतु मी तेथे गेलो तो गायकांना पाहण्यासाठी नव्हे. माझे लक्ष होते ते मंचाच्या दोन्ही अंगांना टांगलेल्या स्पीकरांच्या वक्र माळांकडे, मैदानाच्या मध्यापलीकडे उभारलेल्या मनोऱ्यांकडे, आणि हे सारे येथवर कसे आले असेल या विचाराकडे. अशा प्रचंड दौऱ्यांचा एक शिरस्ता असतो. मंचाचा पोलादी सांगाडा उभारायला काही दिवस लागतात, म्हणून त्याचे एकाहून अधिक संच ठेवलेले असतात. एका शहरी प्रयोग चालू असता दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा राहत असतो, आणि वाद्ये, मिक्सर, दिवे एवढाच नाजूक सरंजाम वृंदाबरोबर प्रवास करतो.

आमच्या शहराला हा शिरस्ता नवा नाही. 1682 साली औरंगजेब दक्षिणेच्या स्वारीसाठी येथे येऊन पोहोचला तेव्हा त्याच्या छावणीची चाल याच पद्धतीची होती. बादशाही डेऱ्यांचे दोन संच असत. एका मुक्कामी बादशहा उतरलेला असता दुसरा संच, ज्याला पेशखाना म्हणत, तो पुढच्या मुक्कामाकडे रवाना झालेला असे, आणि मागचा लवाजमा तेथे पोहोचण्यापूर्वी कनाती ताणून, दिवाणखाने मांडून सारा बंदोबस्त सिद्ध असे. फ्रेंच प्रवासी बर्निए याने एका पेशखान्याच्या वाहतुकीला 60 हून अधिक हत्ती, 200 उंट, 100 खेचरे आणि 100 हमाल लागत असल्याचे नमूद करून ठेवले आहे. ज्या सोनेरी महालासमोर मी स्पीकर उभे करतो तो महालही ओर्छ्याच्या पहाडसिंग बुंदेल्याने सतराव्या शतकात, मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत आला असता बांधला. त्या पेशखान्याचे कारण सत्तेचे होते आणि आमच्या विद्येचे कारण श्रवणाचे आहे; पण जागा मुख्य मंडळींच्या आधी ताब्यात आली पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे. आधी पोहोचल्याने मिळते काय, तर जागा ऐकायला सवड मिळते.

जागा ऐकणे म्हणजे काय हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. 20 अंश तापमानात ध्वनी एका सेकंदात सुमारे 343 मीटर जातो. मंचापासून 100 मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला गायकाचा स्वर सेकंदाच्या तीन-दशांशाने उशिरा पोहोचतो, आणि तोवर क्षीणही झालेला असतो. म्हणून मध्ये मनोरे उभारून त्यांवर वेगळे स्पीकर बसवतात. पण हे स्पीकर मंचावरच्या स्पीकरांबरोबरच वाजले तर त्यांचा आवाज आधी आणि मंचाचा मागून येईल व प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येईल. म्हणून मनोऱ्यावरच्या ध्वनीला हेतुपुरस्सर उशीर लावायचा, इतका नेमका की मंचाचा आवाज वाहत येऊन पोहोचावा आणि त्याच क्षणी मनोऱ्याने त्याला हात द्यावा. आमच्या बोलीत याला ‘डिले लावणे’ म्हणतात. आता गोम अशी की तापमान एका अंशाने बदलले तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने बदलतो. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारी साउंड चेकच्या वेळी हवा 30 अंशांवर असते आणि रात्री मैफल रंगात येते तेव्हा ती 20 अंशांवर उतरलेली असते. एवढ्या फरकाने 100 मीटरांच्या अंतरात सुमारे पाच सहस्रांश सेकंदांचा उशीर पडतो. ऐकणाऱ्याला तो मोजता येणार नाही, पण सतारीच्या मिजराबीचा जो टोकदार आघात दुपारी मन वेधून घेत होता तो रात्री किंचित बोथट झालेला त्याला जाणवेल, आणि दोष मात्र तो वादकाच्या बोटांना देईल.

दुसरी गोष्ट हवेच्या कोरडेपणाची. दमट हवेपेक्षा कोरडी हवा तार सप्तकातले सूक्ष्म ध्वनी अधिक शोषून घेते. नेरूळची हवा खाडीची, ओलसर. तेथे झांजेची किणकिण दूरच्या सज्जापर्यंत पुष्कळ प्रमाणात टिकून होती. आमच्या मराठवाड्यात फाल्गुनानंतर जी हवा सुटते तिच्यात शब्दांची ‘स’ आणि ‘श’ ही व्यंजने मागच्या रांगांपर्यंत जाताजाता विरून जातात आणि गझलेचा अर्धा अर्थ त्यांच्याबरोबर जातो. तिसरी गोष्ट मनुष्यदेहाची. रिकाम्या प्रेक्षागृहातल्या सिमेंटच्या पायऱ्या ध्वनी परत फेकतात. त्यांवर माणसे बसली की कपडे आणि शरीरे तो गिळून टाकतात. सायंकाळी पाच वाजता तपासलेले मैदान रात्री आठ वाजता तेच मैदान राहिलेले नसते. आणि चौथी गोष्ट रात्रीची: जमीन थंड झाली, वरची हवा उबदार राहिली, की दिवसा वर आकाशाकडे वळणारा ध्वनी खाली वाकतो आणि दिवसा जेथे काही पोहोचत नव्हते त्या दूरच्या वस्तीत जाऊन उतरतो. तक्रारी रात्रीच येतात याचे निम्मे कारण शांततेत आहे आणि निम्मे या वाकलेल्या हवेत.

सोनेरी महालाचे प्रांगण या सगळ्या परीक्षा एकाच रात्री घेते. मागे डोंगर आहे. तार स्वर स्पीकरच्या तोंडाच्या दिशेने जातो, पण खर्ज चहूकडे पसरतो. तो डोंगराकडे जातो आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक वादकाच्या पाठीवर परत येते. शिवाय समोर सतराव्या शतकातली दगडचुन्याची इमारत आहे. तिच्यावर जड खर्जाचा मारा करायला माझा हात धजत नाही, आणि जो साउंडवाला अशा जागी केवळ छाती हादरवण्यासाठी खर्ज चढवतो त्याला मी या विद्येचा जाणकार मानत नाही.

दौऱ्याची विद्या आपल्याकडे विलायतेतून आली असे कोणी समजू नये. तमाशाचे तंबूचे फड दसऱ्याला बाहेर पडत आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव हिंडत. आजही नारायणगावी पाडव्याच्या सुमारास राहुट्या पडतात आणि गावकरी येऊन सुपारी देतात. रात्रीचा खेळ संपला की तंबू, जनरेटर, पेट्या, सारे ट्रकमध्ये चढायचे, आणि पहाटेच्या अंधारात पुढच्या गावाची वाट धरायची. संगीत नाटक मंडळ्याही रेल्वेने पडदे आणि पेट्या घेऊन मुलूखभर फिरत. मराठवाड्याकडे यायचे तर मनमाडला ब्रॉडगेजची गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत सामान चढवावे लागे. त्या नटांना माइक ठाऊक नव्हता. नव्या गावच्या थिएटरात पाऊल टाकताच ते रिकाम्या रंगमंचावर उभे राहून एक तान घेत आणि मागच्या भिंतीने काय उत्तर दिले ते ऐकत. साउंड चेक तो हाच, फक्त त्यात यंत्र नव्हते.

आणि या सर्वांहून निराळा असा एक जगप्रवासी आमच्याच शहराचा होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग एका उपरण्याच्या बळावर देशोदेशी घेऊन गेले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पन्नासाहून अधिक माणसे ते एका देहातून उभी करीत. कोल्डप्लेच्या सरंजामासाठी ट्रकांचा तांडा लागतो आणि देशपांडे सरांचा सारा सरंजाम एका खांद्यावर मावत असे; तथापि दोहोंचे काम मला एकाच जातीचे वाटते. परक्या मुलखातले प्रेक्षागृह लहान की मोठे, घुमणारे की मुके, हे ओळखून एखाद्या म्हाताऱ्याचा स्वर किती उचलायचा आणि विमानात बावरलेल्या खेडवळाची कुजबूज किती खाली आणायची, हा हिशेब एकपात्री नटाला प्रयोग चालू असतानाच करावा लागतो. त्याचा मिक्सर त्याच्या कंठात असतो. अशा नटासमोर माइक ठेवणाऱ्याने आपले बटण वारंवार फिरवू नये, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना बजावतो. नटाने मुद्दाम खाली आणलेला आवाज साउंडवाल्याने वर चढवला तर त्याने नटाचा अभिनय खोडून काढला.

नेरूळला मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते निराळ्याच गोष्टीने. मुख्य मंचापासून एक लांब वाट मैदानात गेली होती आणि तिच्या टोकाशी दुसरा छोटा मंच होता. काही गीते चौघे तेथे जाऊन गात. आता मुख्य स्पीकरांपासून 60-70 मीटर दूर उभ्या असलेल्या गायकाला आपलाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा परत ऐकू येतो. इतक्या उशिराने येणाऱ्या स्वतःच्या स्वरात गाणे मनुष्याला जवळजवळ अशक्य आहे. लय ओढली जाते, जीभ अडखळते. म्हणून अशा वृंदातील प्रत्येकाच्या कानात बोंडी बसवलेली असते आणि तिच्यातून त्याला स्वतःचा व सोबत्यांचा स्वर विनाविलंब मिळतो. हजारो श्रोत्यांसमोर उभे असलेले हे चौघे त्या श्रोत्यांपासून कान बंद करून घेतात, तेव्हाच एकमेकांचे होऊ शकतात.

सोनेरी महालापासून फार दूर नसलेल्या, डोंगरात कोरलेल्या औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया आहेत. दीड हजार वर्षांच्या आसपासचे हे शिल्प मी अनेकदा पाहिले असले तरी नेरूळहून परतल्यावर ते मी आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने प्रथमच पाहिले. त्या सहाजणी नर्तकीला इतक्या बिलगून बसल्या आहेत की कोणाच्याही वाद्याचा ध्वनी दुसरीच्या कानी पोहोचायला क्षणाचाही अवकाश नको. शिल्पकाराला चौकटीत मावणारी जागाच तेवढी होती, असे कोणी म्हणेल. मला मात्र वाटते की वृंद कसा बसतो हे त्याने खऱ्या मैफलीत पाहिले होते. कव्वाल आजही तसेच बसतात आणि वारकऱ्यांचे टाळकरी तसेच उभे राहतात. पटांगणे मोठी होत गेली तशी माणसे एकमेकांपासून दूर गेली, आणि त्यांना पुन्हा जवळ आणण्याचे काम आमच्या तारांवर येऊन पडले.

म्हणून मैदानाचा ताबा वेळेवर मिळण्याविषयी मी इतका आग्रही असतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. हा नियम मला मान्य आहे आणि रात्रीची वाकणारी हवा लक्षात घेता तो शहाणपणाचाही आहे. पण परवान्याचा कागद आयोजकाच्या हाती कार्यक्रमाच्या दुपारी पडतो, मंडपवाला चार वाजता खांब रोवत असतो, दिवेवाल्यांच्या केबली पाच वाजता आमच्या केबलींवरून जातात, आणि सहा वाजता पाहुणे दारात उभे असतात, तेव्हा दहाची मर्यादा पाळण्याच्या घाईत जागा ऐकणे हीच एक गोष्ट वगळली जाते. मोठ्या शहरातून आलेला गायक मग घामाघूम होऊन विचारतो की माइक शिट्टी का मारतो आहे. त्याला उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नसते, कारण ते उत्तर आदल्या दिवशीच्या सायंकाळी त्या प्रांगणात मिळायचे होते.

आता मी करारनाम्यात लेखी अट घालतो: मैदान आदल्या सायंकाळी पाच वाजता आमच्या ताब्यात, वीज त्याच रात्री, आणि सात व नऊ वाजता तापमान घेण्याची व डिले तपासण्याची मुभा. या अटीपायी काही कामे हातची जातात. जे आयोजक ती मान्य करतात त्यांच्याकडे आदल्या रात्री माझी मुले प्रांगणाच्या पार शेवटच्या कोपऱ्यात, जेथे सर्वांत स्वस्त खुर्च्या लागणार असतात, तेथे जाऊन उभी राहतात आणि तेथून माझ्याशी माइकशिवाय बोलतात.