शरदाचे सोने

परदेशी कॅलेंडरांनी आपली एक समजूत करून दिली आहे, की शरद ऋतू म्हणजे लाल-पिवळी पाने. आमच्याकडे शरद झाडावर चढतच नाही. तो गवतावर उतरतो. बदामाची पाने तांबडी होतात ती थंडीत, आणि कुसुंब लाल होतो तो वसंतात, तोही कोवळ्या पालवीने. पण पाऊस सरला, की खारघरच्या डोंगरावरचे गवत पिकू लागते आणि दिवाळीच्या सुमारास सकाळच्या तिरप्या उन्हात सारा उतार सोनेरी दिसतो. सराफाच्या दुकानाकडे न पाहता पुढे जाणाऱ्या आमच्यासारख्यांची निसर्गाने केलेली ही सोयच म्हणायची!

हे सोने मी कोडॅक्रोमवर टिपत असे. १९३५ साली बाजारात आलेली ही फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन अमेरिकन वादकांनी शोधली. सुरांच्या माणसांना रंगही जुळवता यावेत, यात मला नवल वाटत नाही. फिल्ममध्ये मुळात रंगद्रव्य नसेच. ते धुलाईच्या वेळी एकेक करून भरावे लागे. घरच्या डार्करूमचे ते काम नव्हे. माझे रोल मेहुण्यांबरोबर अमेरिकेला जात आणि काही महिन्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइड होऊन परत येत. तोवर डोंगर करडा झालेला असे. स्लाइडमधला आश्विन मात्र जसाच्या तसा!

२००९ साली कोडॅकने ही फिल्म बंद केली. कारखान्यातला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी यांनी वापरला. त्यातली काही छायाचित्रे त्यांनी भारतात घेतली. कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी धुलाईची शेवटची प्रयोगशाळा होती. तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले.

माझ्याजवळ १९९६ च्या ऑक्टोबरातली एक स्लाइड आहे. आम्ही खारघरला जागा पाहायला आलो होतो. कमरेइतक्या सोनेरी गवतात, डाळिंबी साडीत, कपाळावर हात धरून ही उभी आहे. "अहो, आटपा, ऊन लागतंय," असे म्हणत होती. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली.

कोडॅक्रोमचा स्वभाव मोठा विचित्र. अंधारात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे इतर स्लाइडांपेक्षा लवकर विटते. पाहावे तितकी उणी होते. म्हणून मी नियम केला: वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या रात्री, दहा आकडे मोजेपर्यंत. मुलाने तिची नक्कल संगणकात घालून दिली आहे. ती हवी तेव्हा पाहता येते, आणि मी पाहतोही. पण त्या सकाळी तिच्या साडीवरून परतलेला उजेड ज्या फिल्मवर पडला, तीच ही स्लाइड आहे. नकलेला ते भाग्य नाही.

गेल्या भाऊबीजेला दहा आकडे संपले आणि मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"आबा, आजी अजून दाखवा ना!" पाच वर्षांची नात म्हणाली. तिने आजीला पाहिलेलेच नाही.

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "बरं, तू मोज."

तिला विसापर्यंतच आकडे येतात. ते तिने सावकाश म्हटले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी दिवा मालवला नाही.