गाळणी

गाळणीला आपल्या घरात चहापलीकडे प्रतिष्ठा नाही. पण नाहूरचा माझा भाचा बारटेंडरचे काम शिकू लागला, आणि बहिणीच्या ओट्यावर तीन गाळण्या नांदू लागल्या. शेकरमध्ये घुसळलेल्या पेयाला स्प्रिंगवाली हॉथॉर्न; नुसत्या ढवळलेल्याला झाऱ्यासारखी ज्यूलेप; पुदिन्याचा चुरा नि बर्फाची कणी अडवायला बारीक जाळीची. "मामा, नवशिक्याने आधी स्प्रिंगवाली घ्यावी. स्प्रिंग दाट हवी. ओतताना बोटाने पुढे रेटून धरावी." सरावाला तो कोकमाचे सरबतच घेतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापायी पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. बहीण तर शेजारणींना 'केटरिंग' एवढेच सांगते. बर्फ मागे राहावा, गारवा पेल्यात उतरावा, हे गाळणीचे काम. पण लाज मागे राहून मुलाचे कसब तेवढे पदरात पडावे, अशी गाळणी तिला कुठून आणून द्यावी?