साठवलेले पाणी आणि कोरडा दिवस

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर असलेला वैजापूर तालुका पर्जन्यछायेत मोडतो, आणि नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागात खेळू लागले असले तरी पाणी मिळेल तेव्हा भरून ठेवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तेथील घरांतून गेलेली नाही. रांजण, हौद, टिपाड आणि गच्चीवरची प्लास्टिकची टाकी ही या सवयीची भांडी होत. टंचाईत शहाणपणाचा ठरणारा हा साठाच डेंग्यूला निमंत्रण देतो, ही विसंगती प्रस्तुत लेखकाला वैजापुरातील वास्तव्यात स्वतःच्या न्हाणीघरातच पाहावयास मिळाली.

डेंग्यूचा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ, स्थिर पाणी पसंत करतो आणि मुख्यतः दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, चावतो. मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, या आरोग्य खात्याच्या ‘कोरडा दिवस’ या सूचनेचा आधार हाच कालावधी आहे; मात्र भांडे नुसते उपडे केल्याने चिकटलेली अंडी जात नसल्यामुळे काथ्याने वा ब्रशने आतली बाजू घासणे हा त्यातील खरा भाग होय, आणि नेमका तोच बहुतेक घरांत राहून जातो.

लेखकाच्या घरी या सूचनेला पहिला विरोध झाला तो पाणी ओतून देण्यावरून, आणि तो रास्तच होता, कारण टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला भरलेले टिपाड मोरीत रिकामे करा असे सांगणे हा सल्ला नसून चेष्टा आहे. म्हणून क्रम बदलण्यात आला: सर्वांत जुने पाणी आधी वापरायचे, ठरलेल्या वाराच्या आदल्या दिवशी उरलेले पाणी धुणे, फरशी आणि झाडे यांत संपवायचे, आणि रिकामे झालेले भांडे घासून, उन्हात वाळवून मगच भरायचे. मोठा हौद असा रिकामा करणे शक्य नसल्याने त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले गेले, टिपाडांवर सुती कापड घट्ट बांधले गेले आणि शौचालयाच्या वायुनलिकेला जाळी बसवली गेली. घासण्याचे काम आपोआप घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येऊ लागले, तेव्हा ते पाळीने वाटून घ्यावे लागले; आरोग्यविषयक पत्रके या श्रमाबद्दल सहसा मौन पाळतात.

पाणी साठवणाऱ्या भांड्यांवर लक्ष ठेवण्याची पद्धत जुनी आहे. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये पीतज्वर याच डासामुळे पसरतो असे मांडले, आणि १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी हवानामध्ये घरोघरची पाण्याची पिंपे तपासून तो ताप आटोक्यात आणला. आजही लोकांचा आग्रह मात्र धुरळणीसाठी असतो, कारण धूर डोळ्यांना दिसतो. वस्तुतः त्याने उडणारे डास तेवढ्यापुरते मरतात आणि भांड्यातील अळ्या तशाच राहतात.

एडिस फार लांब उडत नाही, तरी शेजारचे घर त्याच्या आवाक्यात असतेच. त्यामुळे एकाच घराने वार पाळून भागत नाही, असे दिसल्यावर लेखकाच्या गल्लीत काही घरांनी एकच वार धरला. बंद पडलेल्या कूलरचा आणि छपरावरच्या टायरांचा प्रश्न मात्र तरीही शिल्लक राहिला, कारण पाऊस पडेपर्यंत त्यांत पाणीच नसते आणि म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.