वेणीच्या आधीची रात्र

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलात, की खडकी, दापोडी, कासारवाडी मागं टाकत गाडी पिंपरीत शिरते. हीच आपली उद्योगनगरी. पेनिसिलिन बनवणारी सरकारी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स १९५४ साली इथंच स्थापन झाली. पुढं चिंचवड आणि मग आकुर्डी. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी तिथं ताईकडं निघाले होते.

दार भाचीनं उघडलं, तेही डोळे पुसत! ती सहावीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचं स्नेहसंमेलन, तिचा नाच आणि त्यासाठी सागरवेणी. दुपारी चारला पार्लरमध्ये वेळही ठरलेली. पण पार्लरवाल्या काकूंनी तिच्या केसांत हात घातला नि सांगितलं, "आधी गुंता काढून, धुऊन, वाळवून ये. असल्या केसांची वेणी मी घालणार नाही."

भाचीचे केस दाट, कुरळे आणि कोरडे. वर्गातली मुलं तिला 'झिपरी' म्हणतात.

"मावशी, मी कापूनच टाकते सगळे!" कात्री खरंच तिच्या हातात होती.

तेवढ्यात ताई आली. ती चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. महाळुंगे, तळवडे करत कंपनीची बस तिला निगडीला सोडते. मोटारींसाठी लागणाऱ्या तारांचे जुडगे बांधायचं तिचं काम. एका मोटारीतल्या तारा एकीपुढं एक ठेवल्या, तर एक किलोमीटरहून लांब भरतील!

तिनं कात्री काढून घेतली. "आमच्याकडं तारांचा गुंता झाला, तर कापून फेकतो का आम्ही? एकेक तार सरळ करतो, मगच बांधतो. बस इथं."

तिनं केसांचे चार भाग केले. तीन बांधून ठेवले, चौथ्याला खोबरेल लावलं. आधी बोटांनी गाठी मोकळ्या केल्या, मग मोठ्या दातांचा कंगवा घेतला. सुरुवात मात्र टोकाकडून! वरून कंगवा ओढला, की सगळ्या गाठी खाली एकत्र येतात आणि केस तुटतात. टोकं सुटली, की चार बोटं वर. ती सुटली, की आणखी वर. वरची बट ताईनं मुठीत घट्ट धरली होती, म्हणून डोक्याला हिसका बसत नव्हता.

"माझेच असे कोरडे का गं?" भाचीनं विचारलं.

मी सांगितलं, "डोक्याच्या कातडीतून थोडं तेल पाझरतं. सरळ केसावरून ते खाली उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणांवर अडतं. म्हणून टोकं कोरडी राहतात. आणि केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुझ्या केसांची टोकं डोक्यातून बाहेर आली, तेव्हा तू दुसरीत होतीस!"

तिनं टोकं हातात घेऊन पाहिली. कात्रीचं नाव पुन्हा काढलं नाही. चारही भाग सुटायला दोन तास लागले.

रविवारी सकाळी शिकेकाईनं न्हाणं झालं. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून खसखसून पुसायचं नाही. पंचानं नुसतं टिपायचं. पुन्हा गुंता होऊ नये म्हणून ताईनं चार सैल पेड घातले आणि आम्ही गच्चीवर उन्हात बसलो. आतून ओल्या केसांची घट्ट वेणी घातली, तर ती दिवसभर ओलीच राहते आणि कुबट वास येतो.

"तुला कामावर केस मोकळे सोडता येत नाहीत ना?" भाचीनं आईला विचारलं.

"छे! फिरत्या यंत्रात एक बट जरी सापडली, तरी डोकं ओढलं जाईल. वेणी घालायची, गुंडाळायची आणि सगळी टोपीखाली. एक केस बाहेर दिसला, तरी सुपरवायझर परत पाठवतात."

मला एक जुनी गोष्ट आठवली. १९७४ साली इथल्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्या टेल्कोतल्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. आज चाकणच्या कंपन्यांमधून सुटणाऱ्या बसमध्ये कितीतरी ताया दिसतात.

चार वाजता पार्लरच्या काकूंनी केसांतून कंगवा फिरवला. तो कुठंच अडला नाही. "कपाळाजवळ फार ओढू नका हं," ताईनं बजावलं. तिथले केस सतत ताणले, तर विरळ होतात. पाऊण तासात सागरवेणी तयार झाली. कुरळ्या केसांची म्हणून चांगली मनगटाएवढी जाड! नाच संपेपर्यंत तिचा एक पेडही सुटला नाही.

सोमवारी पहाटे ताई वेणी गुंडाळून बसला निघाली, तेव्हा भाची आरशापुढं उभी होती. हातात कंगवा होता. सुरुवात टोकाकडून!

तुम्हीही एक गंमत करून बघा. गळालेला एक लांब केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळा. तो एकाच बाजूला, मुळाच्या दिशेनं सरकत जाईल. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडं असतात, म्हणून. सरळ असो की कुरळा, केस पाहा आणि मला कळवा.