कुरणातली शाळा

शेळीचे करडू, घोड्याचे शिंगरू, हरणाचे पाडस. गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, सिंहाची गुहा. मराठी मुलाची प्राण्यांशी औपचारिक ओळख पिढ्यान्‌पिढ्या अशा जोड्यांतून होत आली आहे. या शब्दांना स्वतःचे सौंदर्य आहे, यात संशय नाही. ‘पाडस’ म्हणताच मुलाच्या मनात काहीतरी हळुवार हलते. पण सिंह गुहेत राहत नाही. गीरच्या झुडपी रानात तो सावली पाहून पसरलेला असतो. हे कळलेल्या मुलालाही गुण मात्र गुहा लिहिल्यावरच मिळतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न नेमका उलटा होता. डहाणू भागातल्या वारली मुलाला प्राणी ठाऊक होते. शाळा ठाऊक नव्हती. गुरे राखायला गेलेले पोर पटावर गैरहजर राही. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्यापर्यंत जावे, हा विचार अंगणवाडीच्या मुळाशी होताच. तोच पुढे रानापर्यंत गेला आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. गुरे चरत असताना तिथेच, झाडाखाली अक्षरओळख.

शिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद साक्षरतेच्या खात्यावर होते. ती अपुरी वाटते. कारण कुरणात निरक्षर असतो तो बहुधा शिक्षकच. गोचीड गाईच्या कानात आणि कासेपाशी शोधावी, कोवळा ओला चारा अधिक झाला तर जनावराची डावी कूस फुगते, लाळ गळू लागली की खूर पाहावेत, हे गुराख्याच्या पोराने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसते. त्याला हवी असते ती या ज्ञानाची कारणे, आणि हे ज्ञान आहे एवढी दुसऱ्या कोणाची तरी कबुली.

रानातल्या जीवांची गोष्ट वेगळी. इथे शहरी माया फार घात करते. गवतात एकटे बसलेले सशाचे पिल्लू दिसले की मूल त्याला अनाथ समजून उचलते, कापसात ठेवते, गाईचे दूध पाजते. सकाळी पिल्लू मेलेले असते, आणि घरातले मोठे ‘देवाघरी गेले’ असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः ते अनाथ नव्हतेच. वासाने शत्रू येऊ नये म्हणून सशाची मादी दिवसभर दूर राहते आणि अंधार पडू लागला की पाजायला येते. गोठ्यातल्या वासराची काळजी हाताने घ्यायची असते. या पिल्लाची, हात मागे घेऊन. दोन्हींसाठी भाषेत शब्द एकच, ‘काळजी’. पाच वर्षांच्या मुलाला हा भेद शिकवणे हे व्याकरणातल्या कोणत्याही भेदाहून अवघड आहे.

वारली मुलाला तो काहीसा आधीच अवगत असतो. त्याच्या शिवेवर वाघदेव बसलेला असतो. त्याला पुजायचे आणि त्याची वाट सोडून चालायचे, एवढे त्याने पाहिलेले असते. यात भय आहे, पण निव्वळ भय नाही.

कुरणातला धडा मात्र सलग होत नसणार. एखादी शेळी कुणाच्या शेताकडे वळली की पाटी गवतावर टाकून पोर धावणार, आणि अर्धे लिहिलेले ‘ग’ तो परतेपर्यंत तसेच उन्हात पडून राहणार.