सालीखालचं बिऱ्हाड

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, आणि नेमकी तेव्हाच आमची द्राक्षाची खरड छाटणी. मंडपावर पान राहत नाही, नुसती खोडं आणि ओलांडे. मग खोडाची सुटी साल हातानं काढायची, तिच्याखाली पिठ्या ढेकूण दडतो म्हणून. कित्येक वर्षं मी ती मन लावून काढली. हल्ली साल हाताला लागली की थबकतो.

तिच्याखाली दुसरंही बिऱ्हाड असतं. परभक्षी कोळी. अर्ध्या मिलिमीटरचा जीव, दहापट भिंगाखाली थेंबासारखा चकचकीत. लाल कोळी जाळ्यात पान शोषत बसतो. हा पानाच्या शिरेलगत पळत त्याची अंडी, पिल्लं शोधून फस्त करतो. लाल कोळ्याचं अंडं गोल, याचं लांबट. शिकार नसली तर परागावरही दिवस काढतो.

हे मला उशिरा कळलं. ऑक्टोबर छाटणीनंतर एका वर्षी फुलकिड्यांसाठी मी स्वस्तातलं सिंथेटिक पायरेथ्रॉइड दोनदा मारलं. फुलकिडे गेले. फेब्रुवारीत ऊन तापलं तशी पानं तांबूस झाली, शेंड्यांना जाळी, मण्यांत गोडी भरेना. लाल कोळी त्या औषधाला बधला नव्हता. मेले होते ते त्याला खाणारे. सुरुवात झाली सडकेकडच्या ओळींपासून, जिथं ट्रॅक्टरची धूळ पानांवर बसते.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदवाल्यांनीही हाच मार खाल्ला होता. १९६०च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉइट यांनी तिथं औषधं निवडून आणि मोजून मारायला लावली, परभक्षी कोळी जगावेत म्हणून. तिथं तो सालीत थंडी काढतो. आमच्याकडे थंडीचं काय एवढं! त्याच्यावर खरा घाला पडतो तो आमच्या कात्रीचा; पानं गेली की सालीचाच आसरा उरतो.

आता मी फवारणीआधी पान उलटून पाहतो. सडकेच्या ओळींवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारतो. बांधावरचं सगळं गवत एकदम काढत नाही. गंधकाचं मात्र जमलेलं नाही. भुरीला ते लागतंच, आणि परभक्षी कोळ्यालाही ते बाधतं.

यंदा पिठ्या न दिसलेल्या चार ओळींची साल मी तशीच ठेवली. साल काढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अण्णा, ह्या ओळी राहिल्या की."

"राहू द्या."

मजुरी वाचवतोय, असंच त्यांना वाटलं असणार.