टिंब दिसायला हवं

गेलं वर्षभर मी एका वहीचे फोटो काढते आहे, तेही खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याने. फोन हातात असला की निरोप येत राहतात. या कॅमेऱ्याला दुसरं काही येतच नाही.

वही मैलापूरच्या एका आजींची. घरात तंजावरी मराठी, शाळा मात्र तमिळ. म्हणून त्यांच्या आईने मराठी गाणी आणि पाककृती तमिळ लिपीत लिहून ठेवल्या. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चौघांना एकच अक्षर. ‘पार’, ‘फार’, ‘बार’, ‘भार’ कागदावर सारखेच दिसतात. नेमका कुठला, ते वाक्यावरून ठरवायचं. अक्षरावरचं टिंब, म्हणजे पुळ्ळी, व्यंजनाचा पाय मोडते. र वर ती असेल तर ‘वर्ण’, नसेल तर ‘वरण’. फोटोत टिंब हरवलं की अनुवादही हरवतो. आजी वही घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि शाई फिकी पडत चालली आहे.

म्हणून आधी कॅमेऱ्याचा स्वभाव समजून घेतला. समोरचं सगळं सरासरी, करड्या उजेडाचंच आहे, असं तो धरून चालतो. पांढरं पान दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो. तो पान करडं करतो आणि फिकी शाई त्यात बुडते. मेनूत अधिक-उणेचं चिन्ह असतं. ते अधिक एकच्या आसपास नेलं की पान पुन्हा पांढरं होतं. काळपट लाकडी दारापुढे बसलेल्या आजींचा फोटो काढताना मात्र तेच उण्याकडे न्यायचं, नाहीतर त्यांच्या पांढऱ्या केसांचा नुसता डाग होतो.

फ्लॅश बंदच ठेवायचा. समोरून पडलेला उजेड कागदावर चमकतो आणि पेनाने उमटलेल्या खाचा पुसून टाकतो. खिडकीजवळ, उन्हाचा पट्टा आत यायच्या आधी, उजेड एका बाजूने घ्यायचा. शाई उडाली असली तरी कधीकधी खाचेची सावली उरते, आणि टिंब तिथे सापडतं. फुलाचं चिन्ह निवडायचं, झूम न वापरता कॅमेराच जवळ न्यायचा. बटण अर्धं दाबून चौकट हिरवी होईपर्यंत थांबायचं. कॅमेरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला की बोटाच्या धक्क्याने चित्र हलत नाही. आणि चेन्नईपुरतं आणखी एक: एसीच्या खोलीतून आल्याआल्या कॅमेरा उघडायचा नाही. भिंगावर बाष्प धरतं. पिशवीतच त्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यायची.

मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप याने १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचा शिलालेख एकवीस तुकड्यांत टिपला. ते जोडले की सुमारे एकोणीस फुटांची पट्टी होते. निगेटिव्ह कागदाच्या, उजेड सूर्याचा. अक्षरं वाचता येतील असा उजेड निवडायचा आणि तुकड्यातुकड्याने पुढे सरकायचं, हे त्याचंही काम होतं. त्याच मंदिरात सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, १८०३ मध्ये. तो दगडावर आहे. राजाचं मराठी टिकवायला दगड होता, राजवाडा होता, पुढे अभ्यासक आले. स्वयंपाकघरातलं मराठी शाळेच्या वहीत राहिलं, परक्या लिपीत.

आजी पानं स्वतः उलटतात. मी फोटो मोठा करून दाखवते, त्या तो शब्द मोठ्याने म्हणतात. त्यांच्या तोंडून ‘भ’ आला की चारांतला एक ठरतो; कॅमेरा तिथवर पोचत नाही. म्हणून आता प्रत्येक फोटोच्या क्रमांकापुढे मी त्यांचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवते.

अजून सत्तावीस पानं बाकी आहेत. आजी नव्वदीला आल्या आहेत. उद्या सकाळी नऊला बोलावलं आहे. त्या वेळी खिडकीत उजेड चांगला असतो.